माळावर बसायला शिकताना: सोलापूर परिसरात वन्यप्राणी बघता बघता मन शांत करण्याची रीत

काळवीट चरता चरता मान वर करतो आणि तुमच्याकडे बघतो. कान तुमच्या दिशेने वळलेले, अंग ताठ. बऱ्याच वेळाने तो पुन्हा मान खाली घालतो आणि गवत खुडायला लागतो. या लेखात जे सांगायचं आहे ते या दोन हालचालींच्या मधल्या वेळाबद्दल आहे. त्या वेळात आपल्यात काय घडतं, ते घडावं म्हणून काय करावं लागतं आणि सोलापूरच्या आसपास ते कुठे जमतं.

मनाला निवांतपणा हवा म्हणून आपल्याकडची माणसं पंढरपूरला जातात, अक्कलकोटला जातात, गाणगापूरला जातात, पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी येऊन बसतात. माळावर जाऊन बसणं हे या सगळ्याच्या आड येत नाही. दत्त संप्रदायातल्या अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यात पृथ्वी, वारा, आकाश यांच्या पंगतीला कबुतर, अजगर, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा आणि कोळी बसले आहेत. अजगराकडून तो मिळेल त्यात समाधान मानायला शिकला. गाण्याला भुलून पारध्याच्या हाती सापडणाऱ्या हरणाकडून सावधपणा शिकला. म्हणजे प्राण्याकडे नीट बघणं ही साधना आपल्या मातीत जुनीच आहे. मला फक्त एवढंच सुचवायचं आहे की धडा शोधायच्या घाईने जाऊ नका. अवधूतानेही आधी बघितलं, अर्थ मागाहून लावला.

प्राणी बघायला गेलं की मन शांत होतं, असं सरसकट म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. जीपमधून दहा प्राणी बघून आलेली माणसं गेली तशीच परत आलेली मी पाहिली आहेत. शांती येते ती प्राण्याला तुमचं भय वाटेनासं होईपर्यंत थांबण्यातून. तुम्ही आतून धुसफुसत असाल, हात चाळवत असाल, मनात परत कधी निघायचं हे चाललं असेल, तर ते अंगातून दिसतं आणि हरणाला कळतं. आपण किती शांत झालो आहोत याचं खरं माप तेच देतं. देवळात डोळे मिटून बसलेल्या माणसाला स्वतःची फसवणूक करता येते, काळविटापुढे येत नाही.

माळच का?

जंगल म्हटलं की आपल्याला ताडोबा, मेळघाट आठवतं आणि सोलापूरला काय आहे, असं आपणच म्हणून मोकळे होतो. कमी पावसाचा, हलक्या मुरमाड जमिनीचा हा मुलूख. इथे दाट झाडी उगवत नाही, गवत उगवतं: मारवेल, पवन्या, कुसळी. मधे मधे हिवर, बाभूळ, बोर, तरवड. कागदोपत्री अशा जमिनीला पडीक म्हणायची सवय आहे. पण काळवीट, खोकड (लहान कोल्हा), लांडगा यांना आणि चंडोल, पखुर्डी या पक्ष्यांना नेमका हाच पडीकपणा हवा असतो. अरण्यऋषी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते वनाधिकारी मारुती चितमपल्ली याच सोलापूरचे. १९३२ साली इथे जन्मले, आयुष्य विदर्भातल्या रानात काढलं, अखेरीस इथेच परतले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथेच गेले. रान वाचण्याचं वेड या उघड्याबोडक्या मुलखातून सुरू होऊ शकतं, याला आणखी पुरावा नको.

साधनेच्या दृष्टीने माळाचं एक वैशिष्ट्य आहे. दाट रानात तुम्ही झाडाआड लपून प्राणी बघू शकता. माळावर लपायला जागाच नसते. तुम्हाला हरीण दिसण्याच्या कितीतरी आधी त्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. त्यामुळे इथे निरुपद्रवी होण्यावाचून दुसरा उपाय नाही. मला यातच माळाची सगळी थोरवी वाटते.

कुठे जायचं

पहिलं नाव अर्थात नान्नज. सोलापूरहून बार्शी रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर माळढोक अभयारण्य आहे, १९७९ साली जाहीर झालेलं. सुरुवातीला त्याचा विस्तार कागदावर जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर होता, म्हणजे गावं, शेतं, रस्ते सगळं धरून. पुढे तो कमी करून सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणला गेला. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका. देशभरात मिळून हा पक्षी दोनशेच्याही आत उरला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. इथे तो दिसणं हे आता भाग्यापलीकडचं आहे. पण ज्या माळाला त्याच्या नावाने संरक्षण मिळालं, तिथे काळवीट मात्र आजही कळपाकळपाने चरतात. प्रवेशाची वेळ, शुल्क आणि कुठवर जाता येतं हे आधी वनविभागाकडे विचारून घ्या आणि सोबत तिथला स्थानिक वाटाड्या घ्या. मचाण मिळालं तर उत्तम.

पाण्याजवळ बसायचं असेल तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव, म्हणजे जुना एकरूख तलाव. हिवाळ्यात बदकं आणि नशिबात असले तर पट्टकदंब हंस. उजनीच्या फुगवट्यावर करमाळ्याच्या बाजूने साधारण डिसेंबर ते मार्च रोहित पक्षी उतरतात, तो एक दिवसाचा बेत होतो. शहर सोडायला वेळ नसेल तर विजापूर रस्त्यावरचं सिद्धेश्वर वनविहार आणि कंबर तलाव आहेत. तिथे माणसांची वर्दळ असते, पण सरावासाठी चालतात.

तरीही सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमच्या गावाकडचा, तुमच्या ओळखीचा माळ. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा, कुठेही गायरान किंवा पडीक रान उरलं असेल तर तिथे काही ना काही आहे. एकच जागा धरून पुन्हा पुन्हा जाण्यात जे मिळतं ते दहा जागा फिरण्यात मिळत नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला तिथली टिटवी तुम्हाला पाहून पूर्वीइतकी ओरडेनाशी होते, हे तुम्ही स्वतः अनुभवाल.

निघण्याआधी

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. तुम्ही त्याच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेले असायला हवं, म्हणजे घर साडेपाचला सोडायचं. संध्याकाळी जाणार असाल तर साडेचारला पोचा आणि अंधार पडायच्या आत उठा. दुपारी जाऊ नका. प्राणी सावलीला बसलेले असतात आणि उन्हात तुमचाच जीव कासावीस होतो.

कपडे मातकट, खाकी, वाळक्या गवताच्या रंगाचे. पांढरा, लाल, चकचकीत काही नको. अत्तर, सेंट, उग्र तेल टाळा. पायात बूट हवेतच, आणि ऑक्टोबरनंतर मोजे जाड नकोत, कारण कुसळं लोकरीत शिरली की निघत नाहीत. बसायला जुनी, रंग उडालेली सोलापुरी चादर न्या. पहाटे गारठा असेपर्यंत ती खांद्यावरून घ्यायची, ऊन आलं की घडी करून खाली घ्यायची. पाणी बाटलीत, पण कुरकुर वाजणारी पातळ प्लास्टिकची बाटली नको. खाणं शक्यतो परतल्यावर. न्यायचंच झालं तर दशमी किंवा मऊ भाकरी आणि शेंगाचटणी न्या. कडक भाकरीचा आवाज पहाटेच्या माळावर लांबवर जातो.

दुर्बीण असेल तर ८ × ४२ ची पुरे. ८ म्हणजे आठ पट जवळ दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. याहून जास्त पटीची हातात हलते. पण पहिल्या काही खेपांना दुर्बीण घरीच ठेवा, असा माझा आग्रह आहे. कॅमेरा तर नकोच. फोटोची हाव शिरली की बसणं संपतं आणि पाठलाग सुरू होतो. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पिशवीत खोल ठेवा. कुठे चाललो आहोत आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघा. एकटे जायची भीती वाटत असेल तर एक जण सोबत घ्या, पण आधीच ठरवा की बोलायचं नाही आणि वीस पावलं अंतर ठेवून बसायचं.

बसायचं कसं

जागेची निवड अशी करा. वारा तुमच्या तोंडावर यायला हवा, म्हणजे तुमचा वास प्राण्यांकडे जात नाही. चिमूटभर माती हवेत सोडली की वारा कुठला ते कळतं. सूर्य शक्यतो पाठीशी. पाठीमागे तरवडाचं किंवा बोराचं झुडूप असू द्या, त्याने तुमची आकृती झाकोळते. बांधावर, उंचवट्याच्या माथ्यावर बसू नका. आभाळाच्या पार्श्वभूमीवर माणूस कोसावरून दिसतो.

बसण्याआधी काठीने गवत हलवा, दगड असतील तर त्यांच्यापासून दूर व्हा. या मुरमाड रानात फुरसं असतं, घोणसही असते. साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. तो अवयव न हलवता १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. एवढी काळजी घेतली की सापाची धास्ती मनात ठेवायचं कारण नाही.

मांडी घालून बसा किंवा पाय पसरून. पाठ ताठच हवी असं काही नाही. पाऊण तास न हलता बसवेल अशी बैठक हवी. हात मांडीवर. अवघडलात तर हला, पण सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखं.

पहिली वीस मिनिटं काही दिसणार नाही. ही वीस मिनिटंच अवघड असतात आणि बहुतेक जण इथेच कंटाळून उठतात. या वेळात डोळ्यांकडून काही मागू नका, कान लावा. आधी सगळ्यात लांबचा आवाज पकडा: महामार्गावरचा ट्रक, कुठल्या तरी वस्तीवरची मोटार, देवळातला भोंगा. मग त्याच्या अलीकडचा. मग आणखी जवळचा. शेवटी गवतातला किडा आणि आपला श्वास. श्वास आत घेताना काही करू नका, सोडताना तो थोडा लांबवा. एवढंच. नामस्मरणाची सवय असेल त्याने मनातल्या मनात नाम घ्यावं, ओठ न हलवता.

विचार येतील. मुलीचं ॲडमिशन, कारखान्याचा हप्ता, भावाशी झालेलं बोलणं. त्यांना हाकलायला गेलात की ते दुप्पट होतात. विचार आला, त्याला बघितलं आणि पुन्हा कान लावले, असं करत राहायचं. मला विचाराल तर माळावर हे घरातल्या आसनापेक्षा सोपं जातं, कारण परत यायला इथे काहीतरी जिवंत असतं. मन भरकटलं की टिटवी ओरडते आणि तुम्ही जागेवर येता.

टिटवीबद्दल इथेच सांगतो. माळावरची ती राखणदार आहे. तुम्ही पाऊल टाकलं की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडते आणि तिच्या ओरडण्याने सारा माळ सावध होतो. तुम्ही बसलात, स्थिर झालात, की ती काही वेळाने खाली उतरते, दोन-चार पावलं धावते, थांबते, पुन्हा धावते आणि किडे टिपायला लागते. हा पहिला होकार. तोवर बाकी कोणाची वाट बघण्यात अर्थ नाही. ती गप्पच होत नसेल तर समजा की तुम्ही तिच्या अंड्यांजवळ बसला आहात. उघड्या जमिनीवर खड्यांसारखी दिसणारी तिची अंडी असतात. अशा वेळी आल्या वाटेने, पायाखाली बघत, मागे व्हा आणि जागा बदला.

आता नजर. लिंगायत घरांत इष्टलिंग तळहातावर घेऊन त्यावर नजर स्थिर करतात. ज्यांना ती सवय आहे त्यांना एकाग्र दृष्टी म्हणजे काय ते सांगायला नको. माळावर मात्र नजर उलट सैल सोडायची. एका ठिकाणी न रोवता समोरचा सगळा पट्टा एकदम बघायचा, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. अशा नजरेला हालचाल आधी दिसते, आकार मागाहून. गवताचा रंग असलेली हरिणी एरवी दहा वेळा नजरेतून निसटते, ती कान हलवते तेव्हा या नजरेला सापडते.

आणि प्राणी दिसला की त्याच्यावर डोळे रोखू नका. चरणाऱ्या प्राण्याला रोखलेली नजर म्हणजे शिकाऱ्याची नजर. अंग थोडं तिरकं करा, नजर त्याच्या बाजूच्या झुडपावर ठेवा, तो कडेने दिसू द्या. त्याने मान वर केली की श्वास सोडा आणि तसेच राहा. तो तुमच्याकडे बघत असताना मनात काय चाललं आहे याची दखल घ्या. बहुतेकदा छातीत धडधड असते, हाव असते, तो जाईल की काय ही भीती असते. ती विरू द्या. तो जाणार असेल तर जाईल, माळ त्याचा आहे. हे मनापासून पटलं की खांदे आपोआप खाली येतात. आणि त्यानंतर बऱ्याचदा, अगदी बऱ्याचदा, तो मान खाली घालतो.

त्या क्षणी जे वाटतं त्याला मी कृतज्ञता म्हणेन. आपल्यापासून कोणालाही भय नाही, ही भावना माणसाच्या वाट्याला फार थोड्या वेळा येते.

उठण्याचीही रीत आहे. प्राणी समोर असताना ताडकन उभं राहून सगळं उधळून लावू नका. ते सरकून पांगले, त्यांची पाठ झाली, की सावकाश उठा, आलात त्याच वाटेने परत जा. निघताना हात जोडावेसे वाटले तर जोडा.

बघण्यासारखं काय काय

काळवीट सगळ्यात आधी, कारण तो दिसतोच. नर पाठीवर काळपट, पोटाखाली पांढराशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी कडी, पिळदार शिंगं. माद्या आणि लहान नर पिवळसर तपकिरी. प्रौढ नर आपली हद्द राखतो. त्याच त्याच जागी लेंड्या टाकून ढीग करतो, डोळ्यापुढच्या ग्रंथीचा स्राव काडीला घासून खूण ठेवतो. असा ढीग सापडला तर तिथून शंभर-दीडशे पावलांवर बसा, धनी येतोच. तो मान मागे टाकून, नाक वर करून, शिंगं पाठीला टेकवत मादीपुढे मिरवतो तेव्हा बघत राहावंसं वाटतं. कळप बिथरला की एकामागून एक उंच उड्या मारतो आणि मग सुसाट सुटतो, ताशी ८० किलोमीटरपर्यंत. ही उडी दिसायला सुंदर असली तरी ती भयाची उडी आहे. तुमच्यामुळे ती घडली असेल तर तुम्ही जास्त जवळ गेला होता.

गवतात एकटं पाडस दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, उचलून गावात आणायचं नाही. पहिले काही दिवस आई त्याला लपवून लांब चरत असते आणि पाजायला परत येते. तिथून लगेच दूर व्हा, म्हणजे तिला येता येईल.

खोकड हा माझा सगळ्यात लाडका. कुत्र्याहून लहान, शेपटीचं टोक काळं, कान मोठे. हिवाळ्यात बोरं पिकली की पहाटे बोरीखाली येतो. एकेक बोर नाकाने हुंगून, पिकलेलं तेवढंच उचलतो, तोंड जरा वर करून चावतो आणि पुढच्याकडे वळतो. मधेच थांबून जमिनीला कान लावल्यासारखी मान वाकडी करतो, कारण गवताखाली उंदीर किंवा किडा हललेला असतो. मग चारही पाय उचलून उडी. त्याच्या विष्ठेत बोराच्या आठळ्या सापडतात. पुढच्या पावसात त्यातून बोरी उगवायची शक्यता असते. त्याच्या बिळाजवळ बसू नका, हिवाळा सरताना तिथे पिल्लं असतात.

लांडगा दिसला तर तुमचं पुण्य मोठं. तो दिसावा म्हणून काही करायचं नाही. हिवाळ्यात त्याची पिल्लं होतात. गुहेचा, ओढ्याकाठच्या बिळाचा पत्ता कळला तरी जायचं नाही, कोणाला सांगायचं नाही आणि फोटो तर मुळीच फिरवायचा नाही. काळवीट आणि लांडगा दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

आणि पखुर्डी. सकाळी ऊन चढल्यावर थव्याने पाण्यावर येते, आवाजावरून आधी कळते. उन्हाळ्यात नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो, ते पाणी तसंच पिसांत धरून पिल्लांपर्यंत नेतो आणि पिल्लं त्याच्या पोटाला चोच लावून पितात. पाणवठ्यावर छाती बुडवून उगाच बसलेला नर दिसला तर त्याला घाबरवू नका, तो कोणाची तरी तहान वाहून नेतो आहे.

मरण दिसलं तर

दिसणारच. भोवत्या हा हिवाळी पाहुणा शिकारी पक्षी गवतावरून तरंगत येतो आणि खाली झेपावून चंडोल उचलतो. कुत्री पाडसाला फाडतात. शांतीच्या शोधात आलेल्या माणसाला हे नकोसं होतं. मी एवढंच सांगेन की तोंड फिरवू नका. शिकार करणारा क्रूर नाही आणि शिकार झालेला बिचारा नाही, ही समज एका दिवसात येत नाही, पण येते. घरात नुकताच मृत्यू झालेली माणसं माळावर येऊन बसतात, त्यांना सुरुवातीला हे जड जातं आणि काही काळाने यातूनच आधार मिळतो, असं मी पाहिलं आहे. मात्र झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. माळ त्यानंतरही तिथेच असेल.

गावातली मोकाट कुत्री हरणामागे लागली असतील किंवा प्राणी जखमी, विहिरीत पडलेला दिसला तर स्वतः उडी घेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि जागेची खूण नीट सांगा.

माळावरची माणसं

तुम्ही ज्याला निसर्ग म्हणता तो कोणाच्या तरी पोटावर उभा आहे, हे विसरून चालणार नाही. काळवीट रात्री ज्वारीत, हरभऱ्यात शिरतात. लांडगा धनगराची शेळी नेतो. नुकसानीला भरपाई आहे, पण त्यासाठी पंचनामा व्हावा लागतो आणि त्याला हेलपाटे पडतात. शेतकऱ्यापुढे हरणांचं कौतुक करताना भान ठेवा. पेरलेल्या रानातून चालू नका, बांधाने जा. वाटेत मेंढरं भेटली तर गाडी थांबवा, मेंढरं ओलांडू द्या.

आणि बोला. "राम राम मामा, इकडं हरणं कुठं बसत्यात?" एवढं विचारलं की बहुतेक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकवून सविस्तर सांगतात: कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठल्या माळावर परवा लांडगं ओरडलं. लांडग्याशी त्यांचं वैर आहे आणि त्याच्याबद्दल मनात धाकही आहे. दिवसभर एका जागी उभं राहून बघायची जी ताकद आपण कमवायला बघतो, ती त्यांच्याकडे रोजच्या कामातून आलेली असते. त्यांच्या शेजारी तासभर गप्प उभं राहणं हाही सरावच आहे.

वही आणि वर्ष

घरी आल्यावर चहाआधी चार ओळी लिहा. तारीख, वारा, काय दिसलं, आणि काळविटाने मान खाली घालायला किती वेळ घेतला. मनात काय आलं तेही, पण थोडक्यात. नुसतं भावनेचं लिहिलं की पुढच्या वेळी तीच भावना मिळावी असा हट्ट सुरू होतो. वाऱ्याची आणि वेळेची नोंद त्यापासून वाचवते.

पावसाळ्यात माळ हिरवा होतो, चंडोल गात गात आभाळात चढतात, मोर पिसारा उलगडतात. पण काळ्या रानात चिखल पाय धरतो आणि बरेच पक्षी जमिनीवरच घरटं करतात, म्हणून वाट सोडू नका. पाऊस सरता सरता काळविटांचे नर भिडतात, शिंगांचा खडखडाट लांबून ऐकू येतो. ऑक्टोबरपासून भोवत्या येऊ लागतात. संध्याकाळी ते एकाच गवताळ पट्ट्यात जमिनीवर मुक्कामाला उतरतात, तो पट्टा सापडला तर दुरूनच बघा. नवख्याने सुरुवात करायला डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत शहर गजबजलेलं असतं, तेव्हा एखादी पहाट माळाला द्या.

मार्चनंतर सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. साडेआठपर्यंत परत फिरायचं. पाणवठ्याच्या अगदी काठावर बसू नका. तुम्ही तिथे असलात तर तहानलेला प्राणी पाण्यावाचून परत जातो. शंभर-दीडशे पावलं लांब, सावली धरून बसा.

ज्यांना गुडघ्यांमुळे, वयामुळे किंवा कामामुळे माळावर जाणं जमत नाही त्यांनी हेच सगळं गच्चीवर करावं. घार, साळुंकी, कडुनिंबावरची खार यांनाही तुमची सवय व्हावी लागते. रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीवर, हातात काही न घेता बसा. खायला घालून त्यांना ओढू नका. खार तुम्हाला ओलांडून गेली तर तो काळविटाच्या होकाराइतकाच खरा होकार.

वर्षभर हा सराव टिकला तर बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची तयारी करा. त्या रात्री राज्यात ठिकठिकाणी वनविभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर निरीक्षणासाठी स्वयंसेवकांना बसवतो. संध्याकाळी वर चढायचं, सकाळी उतरायचं, रात्रभर बोलायचं नाही, चांदण्यात पाण्यावर कोण येतं ते टिपायचं. या लेखात सांगितलेली बैठक, कान, सैल नजर, सगळं तिथे कामी येतं, आणि एक डबा, पाणी, चादर याशिवाय काही लागत नाही. मचाणं मोजकी असतात, म्हणून वनविभागाच्या कार्यालयात एप्रिलमध्येच चौकशी करून नाव द्या.